हंगाम संपला, आता घराची बांधणी
(कमी खर्चात घर नीटनेटके व शोभिवंत कसे करावे)



गळिताचा हंगाम संपला, पट्टा पडला. तोडणी टोळ्या आपापल्या गावी गेल्या. खोडव्याच्या सरीत पाचट बसले, पहिले पाणी झाले. पावसाला अजून अवकाश आहे. वर्षातले एवढेच काय ते दिवस, जेव्हा ऊसवाल्या शेतकऱ्याला घराकडे बघायला सवड मिळते.

या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खते, खोडवा याविषयी लिहितो. आज घराविषयी लिहिणार आहे. ऊसवाल्या माणसाने घराविषयी का लिहावे, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण असे की, गटात फिरताना रोज चार-पाच वस्त्यांवर जाणे होते. ओसरीवर बसतो, चहा घेतो. तुमचे प्लॉट बघितले की समाधान वाटते. सरी कशी सरळ, बांध कसा स्वच्छ! पण घरात पाऊल टाकावे तर एकाच कोपऱ्यात फवारणीचा पंप, युरियाचे अर्धे पोते, पोरांचे दप्तर आणि ज्वारीची थैली. रान ओळीत आणि घर विस्कटलेले. हे मी नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. माझ्या घरी याहून वेगळे नव्हते.

माझ्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उसातल्या तणासाठी टू-फोर-डी आणले होते. थोडे उरले. टाकून कसे द्यायचे म्हणून थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात ठेवले. मीच ठेवले. रंग अगदी काढ्यासारखा. चार वर्षांची मुलगी खेळत आली, स्टुलावर चढली आणि बाटली काढून टोपण फिरवू लागली. आई तिथे भाकरी थापत होती म्हणून बरे. पिठाच्या हाताने तिने बाटली हिसकून घेतली.

मी घरी आलो तेव्हा आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, लोकांना शिकवत फिरतोस आणि घरात काळ ठेवतोस?"

त्या रात्री मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि घर उपसायला काढले. तेव्हा जे उमगले तेच आज सांगतो. घर नीट लावणे म्हणजे श्रीमंती नव्हे. प्रत्येक वस्तूला तिची जागा देणे, एवढेच. त्याला पैसा कमी आणि विचार जास्त लागतो. क्रम असा ठेवा : आधी काढा, मग लावा, मग सजवा. आपण नेमके उलटे करतो. उसाचे बिल जमा झाले की आधी शोकेस येते, आणि मग तिच्यावरच औषधाची बाटली बसते.

पहिले काम : घराबाहेरचे घराबाहेर

एक रिकामी पाटी घ्या आणि घरभर फिरा. कीटकनाशक, तणनाशक, उंदराचे औषध, बेणेप्रक्रियेचे औषध, पंप, फवारणीचे कपडे, जे जे सापडेल ते पाटीत घाला आणि बाहेर काढा. गोठ्याच्या वा मोटारीच्या शेडमध्ये, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, पत्र्याची किंवा लाकडाची एक पेटी भिंतीला ठोका आणि तिला कुलूप लावा. जुन्या खोक्याच्या फळ्या चालतात. खर्च बिजागरी, कडी आणि कुलपाचा. पेटीजवळ वैरण, पेंड वा पिण्याचे पाणी नको.

औषध मूळ डब्यातच ठेवावे. दुसऱ्या बाटलीत ओतले की लेबल गेले, आणि लेबल गेले की ओळख गेली. लेबलवरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते औषधच आहे, सरबत नव्हे. पूर्वी आपण सर्रास वापरायचो ते फोरेट हे दाणेदार औषध २०२० अखेर बंद झाले आहे. जुना साठा कोठे पडून असेल तर तो वापरू नका, पुरू नका, ओढ्यातही टाकू नका. वेगळा बंद ठेवून कृषी विभागाला विचारा.

रिकामा डबा तीन वेळा विसळावा, ते पाणी पंपातच ओतावे, आणि डब्याला भोके पाडावीत. "चांगला डबा आहे, रॉकेलला होईल, डाळीला होईल" हा मोह टाळा.

आणि देव न करो, पण पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा, आणि औषधाचा डबा बरोबर न्या. डॉक्टरांना लेबल दिसले की उपचार लवकर ठरतो.

सरपण, पाचटाची गंज, विटांचा ढीग हेही भिंतीला लागून नकोत. तिथे उंदीर होतात, उंदरामागे साप येतो. मण्यार तर रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. ढीग लांब न्या, आणि पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा.

दुसरे काम : कागदांची पेटी

गट ऑफिसात दरवर्षी दिसणारा प्रकार सांगतो. सभासद येतात, "साहेब, माझ्या दोन खेपा कमी दिसतात." पावत्या कुठे आहेत विचारले की, "घरात असतील, बघावं लागंल." मग कोणाच्या पावत्या विळीखाली, कोणाच्या कॅलेंडरमागे, कोणाच्या पोराने होडी केलेली.

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत मिळायची असते, आणि उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज देय होते. हे मागायचे तर आपल्या हातात वजनाची पावती आणि तारीख पाहिजे.

म्हणून पत्र्याची एक लहान पेटी फक्त कागदांसाठी ठेवा. आत चार पिशव्या किंवा चार पाकिटे :

१. जमीन : सातबारा, आठ-अ, फेरफार, वाटणीपत्र.
२. ऊस : नोंदीची पावती, वजनाच्या पावत्या, बिलाचा तपशील. प्रत्येक हंगाम वेगळ्या दोऱ्यात बांधावा.
३. पैसा : सोसायटीचे व बँकेचे पासबुक, कर्जाचे कागद, विमा.
४. माणसे : शेअरचा दाखला, आधार, जन्म-मृत्यूचे दाखले, मुलांच्या शाळेचे कागद.

पेटी जमिनीवर नको, पावसाचे पाणी आत आले तर सगळे गेले. माळ्यावर किंवा फळीवर ठेवावी. ती कुठे आहे हे घरात किमान दोघांना ठाऊक असावे, त्यात घरची बाई असलीच पाहिजे. पेटी लावताना आणखी एक बघा : शेअरला वारसाचे नाव लावले आहे का? सभासद वारल्यावर घरची माणसे हेलपाटे घालतात, ते या एका ओळीवाचून.

तिसरे काम : स्वयंपाकघर आणि धान्य

आपल्या जुन्या घरांत हे शास्त्र होतेच. डेऱ्यांची उतरंड असे, म्हणजे एका डेऱ्याच्या जागेत पाच-सहा. शिंके असे, म्हणजे दुधाला मांजर नाही. भिंतीत कोनाडा, दाराजवळ खुंटी, वर वलणी. जमीन मोकळी आणि भिंत कामाला, ही त्यामागची युक्ती. आपण भिंती गुळगुळीत केल्या आणि सगळा पसारा जमिनीवर आणला.

तेव्हा भिंतीवर फळी ठोका. नऊ-दहा इंच रुंद पुरे. रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, सणावाराचे वर, जड ते खाली. चूल वा शेगडीच्या थेट वर फळी नको. डबे एकसारखे विकत आणायची गरज नाही. तेलाचे पत्र्याचे डबे गरम सोड्याच्या पाण्याने धुऊन, कडा ठोकून घेतल्या की वर्षानुवर्षे जातात. खाण्याच्या जिनसांना फक्त खाण्याचेच डबे, एवढे मात्र पाळा.

धान्य कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा 'कट्' असा वाजला की वाळला समजावे. कोठी विटांवर फळी टाकून ठेवा आणि भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, म्हणजे ओल लागत नाही आणि मागून झाडता येते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरथराने घालावा. जुने धान्य आधी, नवे नंतर. किडीच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरातल्या धान्यात कदापि टाकू नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो. बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात.

कारखान्याकडून मिळणारी सभासद साखरही फळीवरच ठेवा, जमिनीवर ठेवली की ओल ओढून घेते आणि गड्डे होतात.

चौथे काम : चुना आणि उजेड

कमी पैशात घराचे रूप पालटणारी वस्तू कोणती, तर चुना. आपल्या कारखान्यातही उसाचा गढूळ रस चुन्याच्या दुधानेच निवळतो. तोच चुना भिंतही उजळतो.

कृती अशी : एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी घ्यावे. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना टाकावा. तो खदखदून उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, पोरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. ढवळून चोवीस तास ठेवा. मग जाड कापडातून गाळा. दहा लिटर चुन्याला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे अंगाला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरा रंग खुलतो. भिंत झाडून, पाणी शिंपडून पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. हात पातळच द्यावा. ओला असताना फिका दिसतो, वाळल्यावर उजळतो, तेव्हा घाबरून जाड थर देऊ नका, पापुद्रे निघतात. तेलरंगाच्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही.

खाली जोत्याला वीतभर गेरूचा पट्टा ओढला तर चिखलाचे शिंतोडे दिसत नाहीत आणि घर लांबूनही उठून दिसते.

उजेडासाठी कौलारू घरात एक-दोन काचेची कौले बसवा, पत्र्याच्या घरात एक पारदर्शक पत्रा. चुलीच्या वर धूर जायला वाट हवीच. धूर राहिला तर चुनाही काळा आणि आयाबहिणींचे डोळेही लाल.

शेवटी सजावट

एवढे झाल्यावर घर निम्मे सजलेलेच असते. उरलेले घरातच सापडते. जुन्या लुगड्याच्या काठाचे पडदे करा, कोनाड्याला खणाचा तुकडा लावा. फाटक्या कपड्यांची गोधडी दिवाणावर अंथरली तर विकतची चादर नको. साखरेच्या तागाच्या पोत्याचे दारात पायपुसणे होते. ज्वारीच्या कणसांचे तोरण दारावर लावा, चिमण्याही येतात. तुळशीच्या लग्नाला आपल्याच रानातल्या उसाचा मांडव घालतो, त्याहून सुंदर मखर बाजारात नाही. मोरीचे पाणी अंगणात साचू देण्याऐवजी केळ, अळू, कर्दळीला वळवा. हिरवळ होते आणि डासही कमी. घरातल्यांचे फोटो भिंतभर विखरून लावण्यापेक्षा एकाच ओळीत, एका भिंतीवर लावा.

पुरुष सभासदांना एक सांगतो. हे बायकांचे काम म्हणून हा अंक घरात देऊन मोकळे होऊ नका. घरात जो पसारा दिसतो त्यातला निम्मा आपणच रानातून आणलेला असतो. गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे. आपल्याला तर फक्त आपले घर झाडायचे आहे.

सगळे एका दिवसात होणार नाही. पहिल्या आठवड्यात पाटी फिरवा आणि औषधे बाहेर काढा. दुसऱ्या आठवड्यात कागदांची पेटी लावा. तिसऱ्यात फळ्या ठोका, चौथ्यात चुना. मृग लागायच्या आत घर तयार होते.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिला ती बाटली आठवतही नाही. मला मात्र तो कोनाडा रोज दिसतो. आता तिथे आईने समई ठेवली आहे. पुढच्या वेळी तुमच्या वस्तीवर आलो की उसाचा प्लॉट बघेनच, पण आधी तुमची कुलपाची पेटी दाखवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी