पवनचक्क्यांची लागवड

आमच्या उमरखेडकडे कपाशी लावताना दोन झाडांत अंतर ठेवतात. दाटी झाली की बोंडं कमी धरतात. पवनचक्क्यांचंही तसंच आहे!

डेन्मार्कजवळ उत्तर समुद्रात 'हॉर्न्स रेव्ह' इथे २००२ साली ८० पवनचक्क्या उभारल्या, प्रत्येकी २ मेगावॅटच्या. फेब्रुवारी २००८ मध्ये वरून, हेलिकॉप्टरमधून काढलेला तिथला फोटो मी पाहिला. चक्क्यांच्या मागे धुक्याच्या लांबच लांब शेपट्या! पाती वाऱ्यातली ऊर्जा काढून घेतात, म्हणून मागचा वारा मंद आणि घुसळलेला असतो. एरवी तो दिसत नाही. त्या दिवशी धुक्याने दाखवला.

आता गणित बघा. वाऱ्यातली पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्के घटला तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणजे २७ टक्के पॉवर गेली! म्हणून तिथे पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ८० मीटर, तर शेजारच्या चक्कीपर्यंतचं अंतर ५६० मीटर, म्हणजे सातपट. अजून लांब ठेवावं, तर समुद्रातली केबल वाढते आणि खर्चही.

तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ८० × २ = १६० लिहून थांबू नका. ती झाली क्षमता. हातात किती पीक येणार, ते लागवडीवर ठरतं. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर गेलात, तर आधी दोन चक्क्यांमधलं अंतर बघा!