उपासमार आणि हिरड्यांचे विकार

चंदीगडच्या सेक्टर १७ मधील बस-स्थानकावरून हरियाणाच्या गाड्या सुटतात. त्या राज्यातील हिसार जिल्हा पूर्वी पंजाब प्रांतात होता. १९३९-४० साली तेथे भीषण दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ स्कर्व्ही हा रोग आला. या रोगात हिरड्या सुजून जांभळ्या पडतात, त्यांतून रक्त येते आणि पुढे दात हलू लागतात. दुष्काळात धान्य साठवून वाटता येते. ताज्या पालेभाजीचे तसे नसते. म्हणूनच पोटात भाकरी असणाऱ्या माणसालाही हा रोग गाठू शकतो.

याचे कारण शरीराच्या बांधणीत आहे. दाताला हाडाशी जखडून ठेवणारे तंतू कोलॅजन या प्रथिनाचे असतात. ते सतत झिजतात व नव्याने घडतात, आणि त्या घडणीला ‘क’ जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. मनुष्याचे शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. आहारातून ते मिळेनासे झाले की एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात.

हिसारमध्ये उपचारासाठी आवळ्याचा उपयोग केला गेला व तो गुणकारी ठरला. आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असते. मोड आलेली कडधान्येही येथे उपयोगी पडतात: कोरड्या हरभऱ्यात हे जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते, पण मोड येताना ते निर्माण होते. मोडाची उसळ हे गरिबाघरचे औषधच म्हणावयाचे!

आज स्कर्व्ही विरळ झाला आहे. प्रौढांमध्ये सर्रास आढळतो तो दातांवरील जिवाणूंच्या थरामुळे होणारा हिरड्यांचा दाह. परंतु ज्या घरांत अन्नाची शाश्वती नसते, तेथील प्रौढांमध्ये हा विकार अधिक दिसतो, असे काही देशांतील पाहण्यांत आढळले आहे. अशा पाहण्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मार्ग ओळखता येतात. पैसा संपत आला की आधी फळे व भाजी सुटते, दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते आणि भूक मारण्यासाठी विडी ओढली जाते. यातील विडी विशेष फसवी होय. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तस्राव कमी दिसतो. आत हाड झिजत असताना रोग्याला धोक्याची खूणच मिळत नाही. अशा रोग्याला दात घासण्याची पद्धत विचारावी, तसेच महिनाअखेरीस घरी काय शिजते, हेही विचारावे. थर जमलेला असेल तर आवळ्याने तो निघत नाही, आणि आहारातील उणीव ब्रशाने भरून येत नाही.