टकळीपासून मोबाइलपर्यंत : वर्गातील चित्रफीत-प्रकल्प आणि शिक्षकाला करावयाचे मार्गदर्शन

प्रास्ताविक

मुलाखत आणि निवेदन हे लेखनप्रकार तुम्हाला परिचित आहेत. प्रस्तुत घटकात ते शाळेच्या वर्गात कसे उतरतात, हे पाहावयाचे आहे. तुमच्यापैकी काही जण स्वतः शिक्षक असतील, काहींची मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकत असतील. ‘मुलांकडून मोबाइलवर चित्रफीत करून घ्यायची आहे, आरंभ कोठून करू?’ असे एखाद्या शिक्षिकेने तुम्हाला विचारले, तर मराठीचे अभ्यासक म्हणून तुम्ही काय सांगाल?

शाळांतून पुष्कळदा आढळणारी चित्रफीत अशी असते : मूल पाठ केलेली चार वाक्ये म्हणते, शिक्षक ती टिपतात आणि ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते. त्यात कोणाचे नुकसान नाही. मात्र मुलाने यात काय केले, असे विचारल्यास ‘पाठांतर’ एवढेच उत्तर मिळते. चित्रण, निवड, मांडणी हे सारे मोठ्यांनी केलेले असते.

वर्धा योजना आणि साधनाचा प्रश्न

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि मुलाच्या परिसराशी जुळणारे उत्पादक हस्तकाम शिक्षणाच्या केंद्रस्थानी, अशी दिशा तिने दिली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात (त्या वेळचे शेगाव) आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने ‘नई तालीम’चे काम उभे केले.

या योजनेत टकळी हे केवळ सूत काढण्याचे साधन नव्हते. तार मोजताना गणित, कापूस कोठून आला हे शोधताना भूगोल, केलेल्या कामाची नोंद लिहिताना भाषा, अशी कामाशी विषयांची सांगड घातली जाई. तिलाच समवाय म्हणतात. योजनेवर टीकाही झाली. मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च भागवू लागलो, तर शाळेचा कारखाना होईल, ही भीती व्यक्त झाली, आणि ती अनाठायी नव्हती. सूत किती निघाले यावर नजर खिळली की सूत काढणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष होते. चित्रफितीच्या बाबतीत नेमके हेच घडते. ती दाखवण्याजोगी व्हावी म्हणून शिक्षक कॅमेरा स्वतःच्या हाती घेतात आणि शिकण्याची संधी मुलाच्या हातून जाते.

पहिली भेट

समजा, देवळी तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या मराठीच्या शिक्षिकेला तुम्ही साहाय्य करीत आहात. पहिल्या भेटीत मोबाइल पिशवीतच राहू द्यावा. भाषेचे कोणते कौशल्य मुलांनी कमवावे, एवढेच विचारावे. ‘प्रश्न तयार करणे’ हे उत्तर आले, तर प्रकल्प मुलाखतीचा होईल. ‘वर्णन’ हे उत्तर आले, तर वेगळा. विषय जवळचा असावा. वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. वेचणाऱ्या बाईची मजुरी सहसा किलोवर ठरते. त्यामुळे तिच्याशी बोलताना हिशेब, श्रम, ऋतू हे सारे विषय आपोआप येतात.

लांबी तीन मिनिटांची ठरवावी. मर्यादा छोटी असली की निवड करावी लागते, आणि निवड हेच लेखनाचे मर्म आहे. वीस मिनिटांच्या मुलाखतीतून तीन मिनिटे काढताना मुले ‘हे वाक्य का ठेवायचे?’ यावर जो वाद घालतात, तो सारांशलेखनाच्या कोणत्याही स्वाध्यायापेक्षा कसदार असतो. तंत्राबद्दल फारसे सांगावयाचे नाही. मोबाइल आडवा धरावा, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा आणि मोबाइल हातभर अंतरावर असावा. शेतातील वारा आवाज गिळतो, म्हणून बांधापेक्षा ओसरी बरी. शाळेत बहुधा एकच मोबाइल असतो, तोही शिक्षिकेचा. ती अडचण नाही. पाच जणांच्या गटात एक जण चित्रण करील, एक जण प्रश्न विचारील, उरलेले नोंदी घेतील आणि पुढच्या गटात कामे बदलतील.

दुसरी भेट : गप्प राहण्याचे काम

दुसऱ्या भेटीत तुम्ही वर्गात मागे बसावे. मुले अडखळतील. शिक्षिका हळूच विचारतील, “सर, हे फार वेळ घेतायत, प्रश्न मीच विचारू का?” येथे “नको मॅडम, थोडं थांबू या” एवढेच म्हणणे हे मार्गदर्शकाचे सर्वांत अवघड काम आहे. ‘तुम्हाला शेतात काम करायला आवडते का?’ या प्रश्नावर ‘हो’ एवढेच उत्तर मिळाले की, प्रश्न चुकला हे मुलीला स्वतःच कळते. ‘पहाटे घरून निघण्याआधी काय काय करता?’ हा प्रश्न ती पुढच्या खेपेस शोधते. ही दुरुस्ती शिक्षिकेने आयती दिली असती, तर वहीत राहिली असती.

हेच तत्त्व तुमच्या आणि शिक्षिकेच्या नात्यालाही लागू आहे. तुम्ही तयार आराखडा दिला, तर तुम्ही गेल्यावर प्रकल्पही बंद पडतो. म्हणून वर्ग संपल्यावर उणिवा मोजण्याऐवजी ‘आज कोणत्या मुलाने तुम्हाला चकित केले?’ असे विचारावे. शिक्षिका सांगू लागल्या की पुढची पायरी त्यांच्याच बोलण्यात सापडते.

बोली आणि निवेदन

आता भाषेचा खरा पेच. वेचणीला जाणारी आजी ‘कपाशी’ न म्हणता ‘पऱ्हाटी’ म्हणेल, ‘काळी माती’ ऐवजी ‘काई माती’ म्हणेल, ‘जात आहे’ ऐवजी ‘जाऊन रायली’ म्हणेल. मुले घरी हेच बोलतात आणि शाळेत ते लपवतात. कित्येकदा शिक्षकच सुचवतात, ‘आजींना जरा शुद्ध बोलायला सांगा.’ मार्गदर्शकाने येथे मात्र ठाम हस्तक्षेप करावा, असे आमचे मत आहे. बोलीला अशुद्ध ठरवणारी चित्रफीत आजीलाच तिच्या अंगणात परकी करते.

मुलाखत बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी विभागणी केली की मुलाला दोन्ही भाषारूपे शेजारी ठेवून पाहता येतात. पडद्याखाली ओळ लिहिताना ‘पऱ्हाटी’ तसेच ठेवावे की ‘कपाशी’ लिहावे, ‘रायली’ चे ‘राहिली’ करावे की नाही? याचे एकच बरोबर उत्तर नाही. ‘पऱ्हाटी’ ठेवून निवेदनात अर्थ सांगणे हा पर्याय आम्हाला अधिक योग्य वाटतो; मात्र मुलांनी कारणासह वेगळा निर्णय घेतला, तर तो मान्य करावा. भाषाभेदाचा इतका जिवंत पाठ व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

संमतीबाबत ढिलाई नको. आजींना आधी विचारावे आणि तयार चित्रफीत प्रथम त्यांनाच दाखवावी. मजुरीविषयीचे एखादे वाक्य गावात त्यांना अडचणीचे ठरू शकते. त्यांनी ‘हे काढा’ म्हटल्यास ते काढावे. मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर पालकांच्या संमतीवाचून टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाबाबतच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील एका शिक्षकाशी बोलून तीन मिनिटांच्या चित्रफीत-प्रकल्पाचे नियोजन करा. भाषिक उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. मुलांनी तयार केलेले प्रश्न पहिल्या खेपेचे व दुसऱ्या खेपेचे, असे दोन स्तंभांत नोंदवा. मुलाखतीतील किमान पाच बोलीशब्द आणि त्यांबाबत मुलांनी घेतलेला निर्णय कारणासह लिहा. चित्रफीत जोडण्याची आवश्यकता नाही, नोंदवही जोडावी.