गर्भातील हृदयाची घडण आणि पेशींचे संदेश

बाळाच्या हृदयात जन्मजात दोष असल्याचे निदान झाले की आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा उपचाराविषयी नसतो. ‘आमचे काय चुकले?’ असा असतो. काही घरांत तर गरोदरपणी पाळल्या न गेलेल्या ग्रहणाचा दोष सुनेच्या माथी मारला जातो. आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर सोप्या शब्दांत देण्याचा हा प्रयत्न आहे.

हृदय कसे घडते?

गर्भधारणेनंतर साधारणतः २२व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. त्या वेळी ते केवळ एक नळी असते. ही नळी उजवीकडे वळसा घेते, तिच्यात पडदे व झडपा तयार होतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस चार कप्प्यांचे हृदय आकारास येते.

हे सारे पेशींच्या परस्परसंदेशांवर चालते. कार्यालयातील आवक-जावक विभागासारखीच ही व्यवस्था असते. एक पेशी प्रथिनाच्या रूपाने संदेश देते. दुसऱ्या पेशीच्या आवरणावरील ग्राही प्रथिन तो स्वीकारते. तेथून तो टप्प्याटप्प्याने पेशीकेंद्रात पोहोचतो व विशिष्ट जनुके चालू किंवा बंद होतात. पेशीने वाढावे, सरकावे की नष्ट व्हावे, हे त्यावरून ठरते.

संदेश चुकला तर?

संदेश अपुरा पडणे हा एक प्रकार. ‘अ‍ॅलाजील’ विकारात ‘जॅग्ड-१’ या संदेशवाहक प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत बहुधा सदोष असते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. शेजारील पेशीवरील ‘नॉच’ ग्राहीला पुरेसा संदेश मिळत नाही. परिणामी फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद राहतात आणि यकृतातील पित्तनलिकाही कमी असतात. याउलट, ‘नूनन’ विकारात संदेश थांबायला हवा तेव्हा थांबत नाही. त्याच्या सुमारे निम्म्या रुग्णांत कारणीभूत असणारे जनुक २००१ मध्ये सापडले. या मुलांत फुप्फुसधमनीची झडप अनेकदा जाड व अरुंद असते.

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते १० बालकांत हृदयदोष आढळतो. त्यांपैकी बहुतेकांत एकच एक कारण दाखवता येत नाही. ग्रहणाचा मात्र याच्याशी काहीही संबंध नाही. ही घडण सुरू होते तेव्हा आपण गरोदर आहोत हे अनेकदा आईला ठाऊकही नसते.

आपल्या हाती काय?

गरोदरपणाच्या आरंभी झालेल्या रुबेला संसर्गाने बाळाच्या डोळ्यांना व हृदयाला इजा होते, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१ मधील निरीक्षणातून पुढे आले. म्हणून रुबेलाची लस गर्भधारणेपूर्वीच घ्यावी. गरोदरपणी ती देत नाहीत. मधुमेही स्त्रीने रक्तशर्करा आधीपासून आटोक्यात ठेवावी. सल्ल्याविना कोणतेही औषध घेऊ नये, चालू औषध परस्पर थांबवूही नये. शंका असल्यास १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. दूध ओढताना दमणारे, घामेजणारे, ओठ निळसर पडणारे किंवा वजन न वाढणारे बाळ मात्र तपासणीची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अनेक दोष वेळेवरील शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. दोष कोणाचा, या वादात गेलेले दिवस बाळाच्या उपचारातून वजा होतात, एवढे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावे, ही नम्र विनंती.