पुस्तकवेड्यांनी आइसलँडचा नाताळ असा आखावा

आइसलँडची लोकसंख्या जेमतेम चार लाख. पण आपल्याकडे मासिकांचं वर्ष जसं दिवाळी अंकांभोवती फिरतं, तसं तिथलं प्रकाशनाचं वर्ष नाताळाभोवती फिरतं. दुसऱ्या महायुद्धात आयातीवर निर्बंध आले, कागदावर ते त्यामानाने सैल होते. मग भेट म्हणून पुस्तकच देण्याची रीत पडली आणि टिकली. या हंगामाला तिथे ‘योलाबोकाफ्लोद’ म्हणतात, नाताळातला पुस्तकांचा पूर.

आधी तारखा पक्क्या करा. हा पूर २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंतच असतो. २५ला पोचलात तर दुकानं बंद. म्हणून १८-१९ला पोचा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो सप्टेंबरातच करून टाका. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्काम राजधानी रेक्याविकच्या मध्यवस्तीत घ्या आणि खोलीला स्वयंपाकघर हवंच.

निघण्यापूर्वी दोन पुस्तकं इंग्रजी अनुवादात वाचा: ‘न्याल’ची सागा ही मध्ययुगीन कथा आणि हाल्डोर लाक्सनेस यांची ‘इंडिपेंडंट पीपल’. लाक्सनेस यांना १९५५ साली नोबेल मिळालं. शहराबाहेरचं त्यांचं घर, ग्ल्युफ्रास्ताइन, आता संग्रहालय आहे. हिवाळ्यात ते मोजकेच दिवस उघडं असतं, वेळ आधी पाहून घ्या.

सामानात छत्री नको, वाऱ्यापुढे ती टिकत नाही. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली लावायचे काटे मात्र तिथे पोचताच घ्या.

या दिवसांत सूर्य साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. या चार तासांत बाहेर फिरा, अंधारात पुस्तकांची दुकानं पालथी घाला. ‘एड्डा’ या इमारतीतलं मध्ययुगीन हस्तलिखितांचं प्रदर्शन चुकवू नका. यातली महत्त्वाची हस्तलिखितं शतकानुशतकं डेन्मार्कमध्ये होती; १९७१पासून ती परत येऊ लागली. ज्या कथांच्या आधारावर हा समाज उभा आहे, त्या वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या समोर दिसतात. इथे घाई करू नका.

दुकानात ‘बोकातिदिंदी’ मागा. वर्षातल्या नव्या पुस्तकांची ही सूची. भाषा येत नसली तरी चाळा; एवढ्या लहान भाषेत एका वर्षात किती लिहिलं जातं, ते पाहून मराठी माणसाला हुरूप यावा. अनुवादित पुस्तकांचीही तिथेच चौकशी करा. पुस्तकं महाग आहेत, पैसे बाजूला काढून ठेवा.

२३ तारखेला दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि सारं शहर रस्त्यावर असतं. खरेदी त्याच दिवशी उरका. तीन-चार दिवसांचा शिधाही भरून ठेवा, कारण २४च्या दुपारपासून दुकानं, बस, बहुतेक उपाहारगृहं बंद होतात. स्वयंपाकघर हवं ते यासाठीच.

२४ला संध्याकाळी सहाला रेडिओवर चर्चची घंटा वाजते आणि नाताळ सुरू होतो. जेवा, सोबत्याला त्याचं पुस्तक द्या, आपलं उघडा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या रात्री उत्तर ध्रुवीय प्रकाश शोधत बाहेर पळू नका. तो दुसऱ्या रात्रीही दिसेल.

दोघांकडून एकच पुस्तक मिळालं, तर नाताळानंतर ते दुकानात बदलून मिळतं. त्यासाठी पुस्तकावर बदलाची चिठ्ठी लागते. खरेदी करतानाच ती लावून मागा.