लिबरेटरच्या नाकात छर्रे

हे बघ, मॉडेलचा खोका आला म्हणालीस तेव्हा आवाजावरूनच कळलं मला, की जेवण झालं की निपर घेऊन बसणार तू. आज बसू नकोस. आज फक्त खोका उघड, सुटे भाग जोडलेल्या स्प्रूच्या सगळ्या चौकटी पलंगावर पसर आणि सूचनांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. मग चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन पंख्याखाली वाळत घाल. साच्यातून निघताना त्यांना तेलकट थर लागलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. उद्या सकाळी कपाटाचा कप्पा मोज. खऱ्या लिबरेटरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतेहतीस मीटर. १:७२ ला ते साडेशेहेचाळीस सेंटीमीटर होतात, आणि तुझ्या पुस्तकांच्या कप्प्यात मॉडेल मावणार नाही असं मला आत्ताच वाटतंय.

तू बी-२४, म्हणजे लिबरेटर घेतलंस याचा मला खरंच आनंद झालाय. बॉम्बर म्हटलं की लोक लँकेस्टरकडे वळतात, नाहीतर बी-१७ कडे. दोन्ही देखणी आहेत. लिबरेटर त्यांच्यापुढे बोजड दिसतं, पोट चपट्या भिंतीसारखं सरळ, मागे दोन गोल शेपट्या. पण ते आपल्याकडे राहिलंय गं. वीस वर्षं राहिलंय.

म्हणून माझी पहिली अट. ‘एक लिबरेटर’ करायचं नाही. कुठलं लिबरेटर ते ठरवायचं. अमेरिकेत अशी अठरा हजारांहून जास्त विमानं बनली. एकट्या फोर्डच्या विलो रनच्या कारखान्यातून १९४४ मध्ये तासाला जवळपास एक बाहेर पडत होतं. अठरा हजारांतलं कुठलंही एक म्हणून बांधायला घेतलंस की हात सैल सुटतो. इथे रेघ राहिली तर राहू दे, तिथे अँटेना नसली तर नसू दे, असं होतं. एकच, नंबरचं, अमुक वर्षी अमुक धावपट्टीवर उभं असलेलं विमान धरलंस तर प्रत्येक गोष्टीला हो किंवा नाही असं उत्तर असतं. मॉडेल चांगलं होण्यातली अर्धी गोष्ट हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

खोक्यात अमेरिकी खुणा असतील, नाकावर रंगवलेल्या बायकाही असतील. त्या बाजूला ठेव. तू भारतीय हवाई दलाचं कर. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर कानपूरला गोळा केली. ती अमेरिकेकडून उधार-भाडेपट्ट्याच्या करारावर घेतलेली, दुसऱ्या कुणाला द्यायची सोय नव्हती. म्हणून जाताना ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने मोडून ठेवली. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं तिथे गेली. या विमानाचा हा भाग, त्या विमानाचा तो, असं करत एकेक विमान उडण्याइतपत उभं केलं, आणि जमशेद मुन्शी नावाच्या टेस्ट पायलटने ती बंगलोरला उडवत नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं पुन्हा हवेत गेली. १९४८ च्या नोव्हेंबरात ती पाच नंबरच्या स्क्वॉड्रनला मिळाली, आपल्या हवाई दलाचे पहिले जड बॉम्बर. पुढे १९५१ मध्ये सहा नंबरची स्क्वॉड्रन पुण्यात याच विमानांवर पुन्हा उभी राहिली आणि समुद्रावर टेहळणी करत राहिली. १९६८ पर्यंत लिबरेटर आपल्याकडे सेवेत होतं. पुण्याच्याच लोहगावच्या धावपट्टीवरून, कळलं का? तू ज्या विमानतळावर मला सोडायला येतेस तिथून.

माझं ऐकशील तर एचई ८०७ घे. १९४५ मध्ये ते ब्रिटिशांच्या ९९ स्क्वॉड्रनमध्ये केएन ७५१ या नंबराने हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होतं. मग आपल्याकडे आलं, एचई ८०७ झालं, आणि १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट दिलं. आजही तिथे आहे, त्यामुळे सगळ्या बाजूंचे फोटो मिळतात. एक एचई ७७३ आहे, ते ओटावाला कॅनडाच्या संग्रहालयात गेलं. जगात आज जी थोडी लिबरेटर उरली आहेत त्यातली बरीचशी आपल्याकडून गेलेली आहेत. मोडून टाकलेलीच टिकली, बाकीची भंगारात गेली.

आता नाकाची गोष्ट. ही नीट ऐक, कारण लिबरेटरमध्ये रडू इथेच येतं.

लँकेस्टर आणि बी-१७ शेपटीवर बसतात, त्यांचं तिसरं चाक मागे असतं. लिबरेटरचं तिसरं चाक पुढे, नाकाखाली. मुख्य चाकांच्या मागे शेपटीचं एवढं लांब प्लास्टिक, पुढे नाक आखूड. त्यामुळे सगळं जोडून, रंगवून टेबलावर ठेवलंस की ते मागे कलंडतं आणि नाक वर करून बसतं. खऱ्या विमानालाही ही खोड होती. मागे भार जास्त झाला की शेपूट जमिनीला लागायची, म्हणून तिथे खाली टेकायला एक स्किडच दिलेली असते. मॉडेलला उपाय एकच, नाकात वजन. आणि ते आधी घालायचं. दोन्ही अर्धुकं चिकटल्यावर आत हात जात नाही.

किती वजन, हे पुस्तिकेतल्या आकड्यावर सोडू नकोस. पोटाची दोन्ही अर्धुकं, पंख, शेपट्या सगळं मास्किंग टेपने नुसतं बांध. गोंद नाही. मुख्य चाकं जिथे बसणार तिथे दोन्ही बाजूंनी बोटं टेकवून विमान उचल. शेपूट खाली जाईल. मग नाकावर एक छोटी पिशवी टेपने लटकव आणि तिच्यात वजन घालत जा, नाक स्वतःहून खाली यायला लागेपर्यंत. त्यावर आणखी थोडं घाल, कारण टरेट म्हणजे बंदुकांचे फिरते घुमट, रंग आणि खुणांचे डेकल नंतर येतात आणि त्यातलं बरंचसं मागच्या अंगाला असतं. ते सगळं वजन कॉकपिटच्या जमिनीखाली, पुढच्या चाकाच्या खोबणीच्या वर आणि नाकाच्या टरेटच्या मागे बसवायचं. जागा पुरली नाही तर इंजिनांच्या डब्यांत पुढच्या तोंडाशी थोडं घाल, ती मुख्य चाकांच्या पुढेच येतात.

वजन म्हणून सायकलवाल्याकडचे छर्रे आण. स्वस्त, गोल, कुठल्याही कोपऱ्यात शिरतात. शिसं लोक वापरतात, जाळ्याला लावतात त्या गोळ्या. ते जास्त जड असतं हे खरं, पण तू नको वापरूस. वापरलंसच तर हात धू आणि फेविकॉलने मुळीच चिकटवू नकोस. बंद जागेत शिसं आणि पांढरा गोंद एकत्र राहिले की काही वर्षांत शिशावर पांढरी पूड चढते, फुगत जाते आणि आतून जोड उलतो. छर्रे असोत की शिसं, अराल्डाइटने बसव आणि रात्रभर तसंच ठेव. सुटा छर्रा आत राहिला तर विमान हातात घेतलं की खुळखुळत राहील, आणि मग काढायची सोय नाही.

फेविकॉल फेकू नकोस हं, त्याची जागा वेगळी आहे. काचेचे भाग. लिबरेटरला काचा फार. नाकाचा टरेट, डोक्यावरचा, शेपटीचा, पोटाखालचा गोल, कॉकपिट, कमरेच्या खिडक्या. त्यांना फेविक्विक लावलंस तर वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुन्हा स्वच्छ होत नाही. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेने फिरव, जास्त झाला तर ओल्या बोटाने पूस. वाळला की पारदर्शक होतो. बाकी सगळीकडे पातळ सिमेंट वापर. दोन भाग जवळ धर, ब्रशचं टोक फटीला लाव, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेव, त्याचा वास डोक्यात जातो. आणि नेलपॉलिश रिमूव्हर त्या टेबलावर आणूसुद्धा नकोस, हे प्लास्टिक त्यात विरघळतं. नखांचा तो चार बाजूंचा बफर मात्र घेऊन ये. जोडावरची रेघ घासायला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. खरखरीत बाजूने सुरू कर, गुळगुळीतवर संपव, पाणी लावून घास म्हणजे पूड नाकात जात नाही.

आतलं किती रंगवायचं? जेवढं काचेतून दिसतं तेवढंच. बाकी हिरवा रंग वाया जातो. एक जागा मात्र मी तुला मुद्दाम रंगवायला सांगेन, बॉम्बच्या कप्प्यातली पायवाट. लिबरेटरच्या पोटाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे बाहेरच्या अंगाने वर सरकतात. ते उघडे ठेवलेस तर आत मधोमध एक पट्टी दिसते. खऱ्या विमानात ती जेमतेम नऊ इंच रुंद होती. पुढच्या माणसाला मागे जायचं तर त्या पट्टीवरून, दोन्ही हातांना बॉम्बच्या चौकटी, खाली दरवाजे. तुझ्या मॉडेलमध्ये ती तीन मिलिमीटरच्या थोडी वर भरेल. चिमट्यात धरून रंगवताना दहा माणसांची ती विमानं आतून कशी असतील याची कल्पना येते. मला तरी तिथेच आली.

पंख वरून बसतात, जोड लांब असतो आणि वजन त्याच्यावर येतं. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीची पुस्तकं ठेवून, समोरून डोळा लावून बघ आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नकोस. फट राहिली तर पुट्टी आहे. पण घासताना पॅनलच्या रेघा आणि रिव्हेट पुसू नकोस. एका लिबरेटरमध्ये तीन लाखांवर रिव्हेट असतात, आणि विलो रनला ते ठोकणाऱ्यांत हजारो बायका होत्या. आत्या परवा फोनवर म्हणाली ना, हे कसले पोरांचे खेळ लावलेत? तिला सांग हे. वाद घालून नको, नुसतं सांग. किमतीचंही आईपासून लपवू नकोस. एवढ्याला घेतलं, माझ्या पगारातून घेतलं, संपलं.

आणि एक तुला आतलं सांगते. लग्नानंतर या घरी आले तेव्हा माझा रंगांचा डबा मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. रात्री साडेनऊनंतरचा तास माझा, हे तेव्हाच बोलून घेतलं. कुणी रागावलं नाही. त्या तासात मला कुणाशी बोलावं लागत नाही, कुणाची आई किंवा सून व्हावं लागत नाही, एवढ्याशा चाकावर एवढासा रंग लावायचा असतो. तुझ्या नोकरीत दिवसभर माणसं आहेत. तुलाही असा तास लागणार आहे, आज ना उद्या. तो मागून मिळत नाही, ठेवून घ्यावा लागतो.

रंगाचं मात्र घाईने नको. बाहेर धो-धो पाऊस आहे. दमट हवेत स्प्रेचा लॅकर मारलास की त्यावर पांढरट धुकं चढतं. तोवर मास्किंग कर, काचांच्या चौकटी बारीक असतात, एका बैठकीला एकच टरेट घे. ऊन पडायला लागलं की प्रायमर, मग चंदेरी. चंदेरी काही झाकत नाही, प्रायमरवर ओरखडा दिसला तर तिथेच थांबून घास. वर चकचकीत क्लिअर मारून मगच डेकल, नाहीतर कडेला हवा अडकून चमकते. भारतीय खुणांचे डेकल वेगळे मागव. गोलात केशरी बाहेर, मधे पांढरा, आत हिरवा. केएन ७५१ करावंसं वाटलं तर त्या गोलात लाल येत नाही, निळ्याच्याच दोन छटा येतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल ठिपका दिसला की जपानी विमान समजून आपलीच माणसं गोळ्या झाडतील, म्हणून ब्रिटिशांनी तो काढून टाकला होता.

तू विचारलं होतंस, बॉम्ब टाकणारं विमान हौसेने बांधावं का. मी हा प्रश्न टाळणार नाही. १ ऑगस्ट १९४३ ला रुमानियातल्या प्लोएश्टीच्या तेलकारखान्यांवर १७८ लिबरेटर निघाली, त्यातली पन्नासच्या वर गेली, प्रत्येकात दहाच्या आसपास पोरं, तुझ्या वयाची. खाली मेली ती वेगळी. याच विमानाने अटलांटिकवर पाणबुड्यांना हुसकून माल आणणारी जहाजं वाचवली, हेही खरं. मी नाकावर बॉम्बांच्या खुणा रंगवत नाही. मेलेल्यांची मोजणी शोभेला लावावी असं मला वाटत नाही. पण विमान बांधते, आणि घरात कुणी विचारलं तर ते काय करायचं ते पूर्ण सांगते. तूही तसंच कर. लाकडी पाटीवर बसवलंस की खाली नंबर, स्क्वॉड्रन आणि वर्ष लिही, म्हणजे बघणारा विचारेल.

दिल्लीला कामाला जाशील तेव्हा पालमच्या हवाई दल संग्रहालयात आपलं एक लिबरेटर आहे, ते बघ. पण हे बांधून झाल्यावर जा, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. छर्रे उद्याच आण. आणि पूर्ण झालं की मला फोटो बाजूने काढून पाठव, पुढचं चाक टेबलाला टेकलेलं दिसलं पाहिजे.