देह घरी, डोळे दूरदेशी

प्रवासाची हौस कोणास नसते? परंतु प्रकृतीच साथ देत नसेल तर काय करावे? यावर आज दोन उपाय निघाले आहेत. पहिला आभासी दर्शनाचा. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे उपकरण चढवावयाचे; त्यात प्रत्येक डोळ्यापुढे किंचित निराळे चित्र असते, म्हणून दृश्यास खोली येते, आणि मान वळवावी तसे तेही वळते. मौज आहे खरी! तथापि आपण ते गाव पाहतो, गावाला मात्र आपला पत्ता नसतो.

दुसरा उपाय यंत्रमानवाचा. आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो. जपानातील केंतारो योशिफुजी यांस बालपणी आजारामुळे सुमारे साडेतीन वर्षे शाळेस मुकावे लागले. त्या एकाकीपणाची जाणीव ठेवून त्यांनी पुढे ‘ओरिहिमे’ नावाचा यंत्रमानव घडविला. जून २०२१ मध्ये तोक्योच्या निहोनबाशी भागात त्यांच्या कंपनीने एक कायमचे उपाहारगृह उघडले. तेथे सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचे यंत्रमानव गिऱ्हाइकांपुढे पेये आणून ठेवतात. ते चालविणारी माणसे मात्र दूर, आपापल्या घरी असतात. कित्येक तर अंथरुणास खिळलेली. यंत्राच्या कॅमेऱ्यातून ती पाहतात, त्याच्याच ध्वनिक्षेपकातून बोलतात. ज्यांचे हातही हलत नाहीत, ती केवळ नजरेने पडद्यावरील अक्षरे निवडून यंत्राकडून काम करवून घेतात. या कामाचे त्यांस वेतन मिळते. गिऱ्हाईक त्यांच्या गावाकडची हवा कशी आहे ते विचारते, आणि तीही उलट त्याची चौकशी करतात.